विमानाचं पत्रक आणि त्याचा खुलासा

आमच्या घरात तोंडी मागणी ऐकून घेतली जात नसे. नवी चप्पल हवी असो की सहलीला जायचं असो, बाबा म्हणायचे, "लिहून आण." एक पान, खाली स्वतःचं नाव, आणि मागणी न्याय्य का आहे ते तीन-चार मुद्द्यांत. नाव नसेल तर पान न वाचता परत. मी सहावीत असताना रोजच्या तुरीच्या डाळीविरुद्ध एक जळजळीत पान लिहिलं होतं. ते मंजूर झालं, पण आठवड्यातून दोनच दिवसांसाठी.

बाबांचं मोताळ्यात कंपोजिंगचं दुकान. पोट भरायचं लग्नपत्रिकांवर, पण जीव सगळा पत्रकांत. रस्ता हवा, शिक्षक हवा, रेशन वेळेवर हवं, असल्या कामासाठी कुणी आलं की बाबा लग्नपत्रिका बाजूला सारायचे. मी अक्षरं गिरवली ती खराब निघालेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर, आणि वाचायला शिकले ते छापील बाजूवर. वर्गातल्या मुली 'कमळ' वाचत होत्या तेव्हा मी 'जाहीर निषेध' वाचत होते.

छापण्याआधी प्रत्येक पत्रक तिघांना वाचून दाखवायचं, हा दुकानाचा नियम. त्या तिघांतलं एक माणूस न शिकलेलं असायलाच हवं. आमच्याकडे ही जागा शेजारच्या चहावाल्या मावशीची होती. वाचून झालं की बाबा तिला म्हणायचे, "आता तुमी सांगा, यात काय लिहेल हाय." मावशी तिच्या शब्दांत सांगायची. तिच्या सांगण्यात जे येणार नाही, त्यावर बाबा लाल पेनानं काट मारायचे. माझी कितीतरी सुंदर वाक्यं मावशीच्या पायी गेली. सुरुवातीला मी रडायचे. नंतर कळलं की मावशीला जे लक्षात ठेवावंसं वाटत नाही, ते बाजारातल्या गर्दीला दोन पावलंही सोबत करत नाही.

तर विमान. बाबांनी दुकानातला संगणक जुना विकत घेतला, तेव्हा आधीच्या मालकाचं विमान उडवण्याचं एक सॉफ्टवेअर त्यात तसंच राहून गेलं होतं. सिम्युलेटर. संध्याकाळी गिऱ्हाईक संपलं की एक तास संगणक माझा. पहिल्या महिन्यात मी विमान फक्त आपटलं. मग हळूहळू कळत गेलं: नाक किती वर घ्यायचं, वेग कमी झाला की पंख कसे दगा देतात, उतरताना धावपट्टी पडद्यावर कुठं दिसायला हवी. औरंगाबादहून उठायचं आणि नागपूरला उतरायचं, हा माझा ठरलेला प्रवास. मधे मुद्दाम उत्तरेकडे वळायचं, कारण तिकडे आम्ही राहत होतो.

आणि तिथंच माझं डोकं फिरायचं. त्या जुन्या सिम्युलेटरमध्ये आमचा जिल्हा म्हणजे हिरवी चादर. सपाट. मोताळ्याहून बुलढाण्याला जाताना राजूरचा घाट लागतो. एसटी तिथं कण्हत चढते, लहानपणी मी त्या वळणांवर दर वेळी ओकलेली आहे. तो घाट त्यात नव्हताच. वरचं पठार नाही, खालचं खोरं नाही. परदेशातल्या एकेका शहरात पूल आणि मनोरे जागच्या जागी उभे, आणि आमच्याकडे इस्त्री फिरवलेली. मी तीन वर्षं त्या चादरीवरून उडत होते आणि दर वेळी मनात निषेध नोंदवत होते.

बुलढाण्याला संगणक दुरुस्त करणारा एक दादा होता. दुकानाचा प्रिंटर बिघडला म्हणून मी त्याच्याकडे गेले, तर त्याच्या पडद्यावर नवं सिम्युलेटर सुरू.

"हे आमच्या जुन्याचंच पुढचं आहे का?" मी विचारलं.

"तुह्या त्या डब्याचं? हाव. पन याच्यात अख्ख्या जगाचे डोंगर खरे टाकेल हायेत. कुठी जायचं बोल."

मी त्याच्या खुर्चीत बसले. औरंगाबादहून उठले आणि उत्तरेकडे वळले. खालची जमीन चढत चढत गेली, पठार आलं, आणि मग ते एकदम तुटलं. कडा, त्याच्यातून खाली उतरणाऱ्या घळी, आणि पलीकडे लांबवर पूर्णेचं खोरं. घरं नव्हती, एसटी नव्हती, पण घाट होता. मी विमान डावीकडे कलवलं आणि तो घाट पुन्हा पाहिला. मग उजवीकडे कलवलं.

"प्रिंटर होऊन वीस मिन्टं झाली वं," दादा म्हणाला. "न्यायचा हाय का इथंच ठेवू?"

त्यानं सीडीची नक्कल करून देतो म्हटलं. मी नाही म्हटलं. ज्यांनी जगातला प्रत्येक डोंगर मोजून त्यात बसवला, त्यांची मेहनत फुकट घ्यायची आणि संध्याकाळी येऊन 'श्रमाला दाम' असं पत्रक कंपोज करायचं, हे मला जमणार नव्हतं. दादा हसला. "ओरिजनल घेनारी तू जिल्ह्यात पयली," तो म्हणाला. मी सुट्ट्यांमध्ये केलेल्या कंपोजिंगची मजुरी साठवलेली होती. त्यातून सिम्युलेटरचा अस्सल डबा मागवला.

पण नवं सिम्युलेटर जुन्या संगणकावर चालणारं नव्हतं. त्याला जास्त मेमरी हवी, ग्राफिक्स कार्ड हवं, आणि संगणकाची मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, हीही नवी हवी. संगणक दुकानाचा. म्हणजे मागणी आली, म्हणजे पत्रक आलं.

मी ते दोन दिवस लिहिलं. पहिला मुद्दा होता, 'ज्या नकाशात आमचा घाट नाही तो नकाशा आम्हाला मान्य नाही.' दुसरा, 'विमान पैसेवाल्यांचं वाहन असेल, पण उडण्याचं ज्ञान कुणाच्या सात-बाऱ्यावर चढलेलं नाही.' वाचनाला बाबा होते, मावशी होती, आणि तिसरं माणूस म्हणून त्या दिवशी दुकानात आलेली एक मुलगी. ती अकरावीत होती, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. घाटाखालच्या एका फाट्यावरच्या वस्तीतून मोताळ्याला कॉलेजला यायची. फाट्यावर एसटी थांबत नव्हती. ती आणि तिच्या वस्तीतल्या चार मुली पुढच्या थांब्यापर्यंत पायी जायच्या, परतताना अंधार व्हायचा. तिच्या वडिलांनी सांगितलं होतं, सुट्ट्यांनंतर गाडी थांबली नाही तर कॉलेज बंद. एसटीचे साहेब पुढच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी मोताळ्यात येणार होते. त्या दिवशी वाटायला तिला पत्रक हवं होतं.

मी माझं पत्रक वाचून दाखवलं. आवाज चढवून.

मावशी म्हणाली, "या इमानात बसाले भेटते का?"

"नाही मावशी. पडद्यावरच असतं."

"मंग कायले पायजे?"

"घाट दिसतो त्यातून. वरून."

मावशीनं बाबांकडे पाहिलं. "पोरगी म्हनते, मले घाट वरून पाहाचा हाय, मशीन नवी करा." एवढंच. बाबांनी सात-बाऱ्यावर काट मारली.

मग ती मुलगी म्हणाली, "ताई, एक इचारू? ह्या नव्या मशीनच्या नादात आमचं पत्रक अटकलं तर?"

"अडकणार नाही."

"लिहून देता?"

बाबा गालातल्या गालात हसले. दुकानाची रीत तिनं अर्ध्या तासात उचलली होती. मी तिथंच तिसरा मुद्दा लिहिला: 'या बदलामुळे पत्रकांच्या कामात काडीचाही अडथळा येणार नाही, याची संपूर्ण हमी मी देत आहे.' खाली सही. मी कुणाला विचारलं नाही, काही तपासलं नाही. हमी द्यायची ती संपूर्ण द्यायची, एवढंच मला पत्रकांनी शिकवलं होतं. मागणी मंजूर झाली.

त्यानंतरचे दिवस मी जमिनीवर नव्हतेच. ग्राफिक्स कार्ड अकोल्याहून एसटीच्या पार्सलनं यायचं होतं. मी रोज स्टँडवर जायचे. अकोल्याची गाडी आली की कंडक्टर मला पाहूनच मान हलवायचा. सिम्युलेटरच्या डब्यात जाडजूड पुस्तक होतं, ते मी शब्दकोश मांडीवर घेऊन दोनदा वाचलं. उरलेल्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर विमानाची बटणं आणि घड्याळं काढली, ती टेबलावर टाचली आणि डोळे मिटून हात कुठं न्यायचा याचा सराव केला. आई म्हणायची, पोरगी जेवताना पोळी डावीकडे कलवून खाते.

एक दिवस कंडक्टरनं मान हलवली नाही. टपावरून खोकं काढून हातात दिलं.

दादा मोटरसायकलवर बुलढाण्याहून आला. डिस्क लहान होती, जुनी आणि नवी प्रणाली दोन्ही मावत नव्हत्या. त्यानं बाबांच्या सगळ्या फायली सीडीवर काढून घेतल्या आणि डिस्क कोरी केली. दुपारभर पडद्यावर एक निळी पट्टी इंचाइंचानं सरकत होती आणि मी तिच्यासमोर बसून होते. संध्याकाळी पाचला सिम्युलेटर उघडलं.

मी औरंगाबादहून उठले. ढग होते, खरे फुगलेले ढग, त्यांच्या सावल्या जमिनीवरून पळत होत्या. मागे बाबा उभे, दारात मावशी हातात किटली घेऊन. पठार तुटलं तेव्हा मावशी आत आली.

"थांबव, थांबव. हा आपला घाट?"

"हो मावशी."

"मंग या कड्याच्या खाली माहं माहेर." तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "जरा खाली घे ना बाई. तू तं लय उच्चीवर जाऊन राह्यली."

मी खाली घेतलं. तिथं फक्त झाडं होती, सगळी एकसारखी. तरी मावशी पाच मिनिटं बोटानं वाट दाखवत राहिली, इथं विहीर, इथं चिंच. बाबांनी खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाले, "तुहा पयला मुद्दा बरोबर होता." एवढं कौतुक मला दहावीच्या निकालाला मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीचं पत्रक जुळवायला घेतलं. बाजार तीन दिवसांवर होता. कंपोजिंगचं सॉफ्टवेअर उघडलं तर पडद्यावर सूचना आली: लॉक सापडलं नाही.

हे लॉक म्हणजे संगणकाच्या मागे खुपसायचा आगपेटीएवढा तुकडा. तो असला तरच मराठी सॉफ्टवेअर चालतं, म्हणजे कुणी नक्कल करून वापरू नये. तुकडा जागेवरच होता. नवी प्रणाली त्याला ओळखत नव्हती. मी तो काढला, पुसला, पुन्हा बसवला. संगणक चारदा बंद-चालू केला. कंपनीला फोन लावला, तर तिकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, नव्या प्रणालीसाठी आमचं अपग्रेड तयार होतंय, साधारण महिन्याभरात सीडी टपालानं पाठवू.

महिन्याभरात. मी बुलढाण्याला दादाला फोन केला.

"टेन्शन काऊन घेतं?" तो म्हणाला. "लॉक तोडेल कॉपी हाय माह्याजवळ. अर्ध्या घंट्यात येतो, टाकून देतो. तुहं इमानबी राह्यते अन् पत्रकबी निंगते."

खरं सांगते, मी लगेच नाही म्हटलं नाही. ते सिम्युलेटर फक्त एक संध्याकाळ चाललं होतं. बाबांना कळलंही नसतं. त्यांना पडद्यावर अक्षरं उमटल्याशी मतलब. आणि काम एका गरीब मुलीचं, चांगलं. चांगल्या कामासाठी थोडी चोरी. हा युक्तिवाद मी याआधी फक्त समोरच्या पक्षाच्या पत्रकांमध्ये वाचला होता, आणि त्यावर उत्तरंही लिहिली होती.

"दादा," मी म्हटलं, "जुनी प्रणाली परत टाकायला किती वेळ?"

"पागल झाली का वं? कालच तं टाकली."

"किती वेळ?"

"तुले जुन्या प्रणालीची सीडी देल्ली होती नं? तूच टाक. दिवस जाते." मग म्हणाला, "इमान जाईन पन."

"माहीत आहे."

मी डिस्क कोरी करण्याचं बटण स्वतः दाबलं. पडद्यावर विचारणा आली, खात्री आहे का. ती दोनदा विचारते. दुसऱ्यांदा मला तिचा राग आला.

निळी पट्टी पुन्हा सरकू लागली आणि ती मुलगी कॉलेज सुटल्यावर दुकानात आली. पत्रक तयार असेल म्हणून आली होती. बाबांनी फायलीतून माझं मागणीपत्रक काढून टेबलावर ठेवलं, तिसरा मुद्दा वर येईल असं. मग म्हणाले, "छापून बोललो ते चुकलं, तं काय कराचं असते?"

"खुलासा," मी म्हटलं.

पट्टी सरकेपर्यंत मी खुलासा लिहिला. पानभर झाला. लॉक म्हणजे काय, कंपनीनं आधी कळवायला हवं होतं, नवी प्रणाली आणि जुना तुकडा यांच्यातला तांत्रिक विसंवाद, आणि माझा हेतू किती शुद्ध होता. मला तो आवडला होता. त्याच तिघांसमोर उभं राहून वाचला. बाबा मावशीला म्हणाले, "सांगा."

मावशीनं पदरानं कप पुसत सांगितलं, "पोरगी म्हनते, मी न पायता लिहून देल्लं, या पोरीचं काम अडलं, चुकी माही."

बाबांनी पान घेतलं. लाल पेन वरून खालपर्यंत गेलं. लॉक गेलं, कंपनी गेली, विसंवाद गेला, शुद्ध हेतू गेला. पानावर दीड ओळ उरली. 'मी न तपासता हमी दिली. त्यामुळे तुमचं काम अडलं. चूक माझी आहे.' मी सही केली आणि कागद त्या मुलीला दिला.

तिनं वाचला. घडी घालून कंपासपेटीत ठेवला. "ताई, मंग आता पत्रक कधी?"

"उद्या दुपारी."

"लिहून देऊ नका," ती म्हणाली. "मी उद्या इथंच येऊन बसते."

ती खरोखर बसली. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून. मी जुळवत गेले, ती मागून वाचत गेली, आणि दोन ठिकाणी तिनं मला थांबवलं. 'विद्यार्थिनींची घोर उपेक्षा' या ठिकाणी ती म्हणाली, "त्या चार जनी अन् मी एक, हे लिहा. पाचच तं हाओत." ते लिहिलं. मावशीनं सांगताना पाच पोरी, एक फाटा, एक गाडी, एवढंच सांगितलं, आणि या वेळी बाबांना काट मारायला काही सापडलं नाही.

बाजाराच्या दिवशी पाचही मुलींनी पत्रक वाटलं. साहेब आले, त्यांनी पत्रक उभ्यानं वाचलं, पाच मुली कोणत्या ते विचारलं. पाचही समोर उभ्या होत्या. चौकशी करू म्हणाले. असं सगळेच म्हणतात. पण पंधरवड्यानं ती मुलगी धावत दुकानात आली: डेपोत सूचना लागली, सोमवारपासून फाट्यावर विनंती थांबा, हात दाखवला की गाडी थांबणार.

सोमवारी मी पहाटेच उठले आणि पहिल्या गाडीनं पुढच्या थांब्यावर उतरून फाट्यावर चालत गेले. बाबांना म्हटलं, खात्री करायला जाते. या वेळी तपासूनच बोलणार होते. पाच मुली रांगेत उभ्या होत्या, वेण्या घट्ट, एकीच्या हातात सूचनेची झेरॉक्स, ड्रायव्हरनं नाही म्हटलं तर दाखवायला. वर घाटातली वळणं दिसत होती. एका वळणावर लाल ठिपका आला, गेला, पुढच्या वळणावर पुन्हा आला. मी मनातल्या मनात त्याचा वेग मोजत होते. फार होता. इतक्या वेगानं आलेलं विमान मी धावपट्टीबाहेर घातलं असतं.

गाडी आमच्यासमोरून गेली. मुलींचे हात वरच राहिले. मग ब्रेक किंचाळले, धूळ उडाली, आणि गाडी पन्नासेक पावलं पुढे जाऊन उभी राहिली. कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. "चला वं पोरीहो, इथं नवाच थांबा झाला, ध्यानातच नाई राह्यलं."

मुली पळत सुटल्या. ती अकरावीतली मुलगी पायरीवर एक पाय ठेवून मागे वळली.

"ताई, कंपनीची ती लॉकवाली सीडी आली का?"

"नाही अजून. ती आली की नवी प्रणाली परत, आणि विमानही."

"आली की सांगा. मले बी आमची वस्ती वरून पाहाची हाय."

कंडक्टरनं घंटी ओढली. मी विचारच केला नाही, मीही पळाले आणि चढले. मोताळ्याला पोचल्यावर आधी पोस्टात जायचं, मग दुकान उघडायचं, असं ठरवत दांडीला धरून उभी राहिले.